चालू गाडीतला बिघाड

“बाई गं, जुनी गाडी दारात आणू देऊ नकोस. सवतीला निदान झोप तरी लागते,” असं खालच्या मजल्यावरच्या द्रौपदीकाकू म्हणाल्या, तेव्हा चैत्राली पोट धरून हसली होती. आता ती गॅलरीत ओवीची दुपटी वाळत घालता घालता कान टवकारून ऐकत होती. खाली पार्किंगमध्ये ती चारचाकी सवत सुरू झाली होती. आचका नाही, खोकला नाही, एकसारखा मऊ आवाज. मग बंद झाली. जरा वेळाने पुन्हा सुरू. पुन्हा बंद.

अवधूत वर आला तो कोपरापर्यंत काळा होऊन.

“झाली का चालू?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कुठची गं! इलेक्ट्रिकलमध्ये लोचा आहे काहीतरी. सापडतच नाही.”

हात धुऊन, पाळण्याकडे न बघता तो आतल्या खोलीत गेला. चैत्रालीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. नवरा तोंडावर खोटं बोलला होता.

गाडी लाल, बुटकी, दोन दारांची, दोनच सीटांची. उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने हौस फिटल्यावर विकायला काढलेली. ओवीच्या वेळी चैत्रालीचे दिवस भरत आले होते तेव्हा अवधूत ती घेऊन आला, आणि कात्रपची अख्खी वस्ती गोळा झाली. “अरे, आपण तिघं बसायचं कुठे?” असं तिने विचारलं, तेव्हा तो काच पुसायला लागला. तेव्हा गाडी बरी चालायची. ओवी झाली आणि गाडीचं आजारपण सुरू झालं. अंबरनाथच्या कंपनीतून आला की चहा खालीच. रविवार तर पूर्ण खाली. ओवीचा डोस कधी आहे ते त्याला ठाऊक नसायचं, पण गाडीचं ऑइल कधी बदललं ते झोपेतही सांगेल. माईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, नातीसाठी जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे शिवून ठेवले होते. त्यातले दोन चैत्रालीने बॉनेटवर पाहिले. त्या दिवशी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

आणि आता हे. गाडी ठणठणीत आहे. मग सांगत का नाही? दुसऱ्या सीटवर कोण बसतं? तिने टाकीचं पाणी सोडायला जायच्या निमित्ताने खाली उतरून काचेतून आत बघितलं. सीट मागे सरकवली आहे का, लांब केस पडलाय का, वास कसला येतोय. काही नव्हतं. त्यामुळे तिचा संशय आणखीच वाढला.

पुढच्या रविवारी तिने ओवीला माईंच्या मांडीवर दिलं, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरून ती पार्किंगच्या खांबामागे उभी राहिली.

अवधूत एकटाच होता. त्याने बॉनेट उघडलं, कडेच्या काळ्या डबीचं झाकण काढलं आणि नखाएवढा निळा फ्यूज उपटून वरच्या खिशात टाकला. मग आत बसून किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. तो मान हलवत बाहेर आला, जणू त्याला काही ठाऊकच नाही. बॅटरीची टोकं घासली. मीटरच्या तारा लावून पाहिल्या. एकेक वायर बोटांनी चाचपली. सगळं झाल्यावर डबी उघडून फ्यूज जागेवर बसवला, किल्ली फिरवली, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. अवधूत हसला. कितीतरी दिवसांत तो असा हसलेला तिने पाहिला नव्हता. मग त्याने गाडी बंद केली आणि खाली उतरून पुन्हा फ्यूज उपटला.

“चालू गाडी कशाला बिघडवतोस रे?”

तो दचकला. फ्यूज मुठीत लपवायला गेला आणि मग लपवलाच नाही.

“मीच केलेला असतो ना बिघाड,” तो खाली बघत म्हणाला, “म्हणून मला सापडतो.”

चैत्राली खांबामागून पुढे आली.

“वर ओवी रडते. तुला कळतं का रडते. माईला कळतं. काकू दारातून ऐकून सांगतात, पोट दुखतंय म्हणून. मी घेतलं की ती जास्तच रडते, आणि तुम्ही तिघी माझ्याकडे बघता.” त्याने मूठ बॉनेटवर टेकवली. “इथं शेवटी चालू होते गं. कुणी हातातून काढून घेत नाही.”

कुणाचा केस शोधत होतो आपण, असं तिच्या मनात आलं. तिने त्याच्या काळ्या मुठीवर हात ठेवला.

“अवधूत, मला तरी कुठे कळतं? दूध देऊन बघते. मग दुपटं बदलते. मग पोटाला हिंग लावते. मग खांद्यावर टाकून फिरते. शेवटी काहीतरी लागू पडतं. तू आत्ता केलंस ना, तेच मी रोज करते. फक्त तिचा बिघाड कुणी मुद्दाम केलेला नसतो, म्हणून वेळ लागतो.”

वरून ओवीने टाहो फोडला. दोघांनीही वर पाहिलं.

“चल,” ती म्हणाली. “आज तू शोध. मी नुसती बाजूला उभी राहते. हात लावणार नाही.”

तो वर गेला आणि त्याने ओवीला उचललं. ओवी खूप वेळ रडली, माई दोनदा उठल्या, चैत्रालीने त्यांना दोन्ही वेळा बसवलं.

हल्ली बाळ बघायला निघालेल्या प्रत्येकाला चैत्राली एक काम सांगते, तेच तुम्हालाही. झबलं न्या, बाळंतिणीला डिंकाचे लाडू न्या, बाळाचं नाक कुणासारखं त्यावर खुशाल भांडा. पण बाप कुठे दिसला नाही, तर ‘गेला असेल कुठेतरी’ म्हणून चहा घेत बसू नका. जिना उतरा आणि त्याला जरा बघून या.