दारातल्या चपला

दारातल्या पुरुषी चपलांच्या टाचा अजिबात झिजलेल्या नव्हत्या. कंपाउंडरबाईंनी त्यातली एक उचलून पाहिली. खाली फरशीवर तेवढाच भाग स्वच्छ होता. भोवती धूळ.

गटाची अध्यक्ष असलेली इस्त्रीवाली त्यांच्या मागे उभी होती. कर्ज मिळणार होतं ते एकटीनं घर चालवणाऱ्या पाचजणींच्या गटाला, एकमेकींच्या हमीवर. अर्जाचा आज शेवटचा दिवस. पाचवी ऐनवेळी मुलांना घेऊन भावाकडे निघून गेलेली, आणि चौथीच्या, म्हणजे या शिवणवालीच्या दारात पुरुषाच्या चपला दिसतात असं कुणीतरी कर्ज देणाऱ्या संस्थेत कळवलेलं. तिच्या घरात पुरुष निघाला तर सगळ्याच अर्जावर पाणी.

गटाची लिखापढी कंपाउंडरबाईच करून द्यायच्या. अक्षर मोत्यासारखं, आणि नजरेतून काही सुटत नाही म्हणून पाहणीलाही त्यांनाच आणलं होतं. दवाखाना हल्ली आठवड्यातून तीनच दिवस उघडायचा, त्यामुळे वेळ होता.

"तुमचं बरं आहे बाई," इस्त्रीवाली म्हणाली. "नवरा बोटीवर. पगार येतो, घोरणं येत नाही. तुमच्या दारातल्या त्याच्या चपला बघा, कशा वापरातल्या दिसतात. नाहीतर या. काल आणल्यासारख्या."

"एकोणीस महिने झाले आणून," शिवणवाली खाली मान घालून म्हणाली. नवरा सोडून गेला त्याच आठवड्यात तिनं त्या बाजारातून घेतल्या होत्या. घरात दोन वयात आलेल्या मुली. चपला दिसल्या की उगाच कुणी कडी वाजवत नाही, असं तिनं सांगितलं. कर्जातून शिलाई मशीन आलं नाही तर घरभाडं थकेल, असंही म्हणाली.

कंपाउंडरबाईंनी घर पाहिलं. दोरीवर एकही सदरा नाही, आरशापाशी दाढीचं सामान नाही. त्यांनी अर्जाच्या मागे लिहिलं: चपला आहेत, माणूस नाही. इस्त्रीवालीनं खाली सही केली.

मग चपला जागेवर ठेवताना कंपाउंडरबाई शिवणवालीला हळूच म्हणाल्या, "रोज थोड्या सरकवत जा. अधूनमधून एक उलटी पडू दे. आणि टाचा दगडावर घासायच्या, बाहेरच्या कडेनं जास्त. पुरुष तसेच झिजवतात."

"ही विद्या दवाखान्यात शिकवतात वाटतं?" इस्त्रीवाली हसली. नंतर अर्ज पाहून तिचं हसू मावळलं. पाचवी ओळ कोरीच होती. "हिचं मिटलं खरं. पण पाचवी आता आणायची कुठून?"

कंपाउंडरबाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग पेन इस्त्रीवालीच्या हातात दिलं.

"माझं नाव घाला," त्या म्हणाल्या. "बोटीवर कुणी नाही."