पिवळी बोट

तिसऱ्या गेमनंही अनुपला हरवलं आणि अनुपनं टॅब शोकेसवर मारला. शोकेसची काच आधीच फुटलेली असल्यानं विशेष नुकसान झालं नाही.

त्याच्या आईनं, रागिणीनं, टॅब पुसला आणि गेम काढून टाकला. हा गाड्यांच्या शर्यतीचा होता, पातूरच्या जानरावमामांनी सुचवलेला. त्याआधीचा शैक्षणिक होता. त्यात बरोबर उत्तर दिलं की एक बाई ‘एक्सलंट’ म्हणून किंचाळायची. अनुप कान झाकून पलंगाखाली शिरायचा आणि बाई पलंगावर एकटीच कौतुक करत राहायची. पहिला शेतीचा होता. त्यात पीक यायला वेळ लागायचा, म्हणून अनुपनं शेतच बंद केलं.

अनुप नऊ वर्षांचा. बोलणं मोजकं. हरणं आणि थांबणं, या दोन गोष्टी त्याला जमत नव्हत्या. शाळेत झोपाळ्याच्या रांगेत पुढच्या पोराला तो चावला, तेव्हा शाळेनं फार गोड शब्दांत दुसरी सोय बघायला सांगितलं. अकोल्याच्या एका निवासी शाळेत जागा होती. समुपदेशक ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, सुट्टीभर बघा. दुसऱ्या कुणासाठी थांबायला शिकला तर घरीच ठेवा, मी इथल्या शाळेशी बोलते. नाहीतर जूनमध्ये अकोला.

अनुपचे बाबा, भगवंत, अकोल्यातच सरकारी कचेरीत होते. शनिवारी अमरावतीला यायचे. त्यांना ही सोय वाईट वाटत नव्हती, रविवार सोडून पोरगं त्यांच्याच गावात राहणार होतं.  त्यांचं आणि रागिणीचं बोलणं तसंही आता गॅस सिलिंडर आणि अनुपची औषधं एवढ्यावर येऊन थांबलं होतं. रात्री ती अनुपचे कपडे घडी करायची आणि त्यातला एकही बॅगेत जाऊ नये असं तिला वाटायचं.

मॅडमनी सांगितलं होतं, घड्याळ नसलेला, गुण नसलेला, कोणी ओरडत नाही असा गेम शोधा. असा गेम सापडायला आठवडा गेला. त्यात एक नदी होती. कायम पहाट. दोन बोटी, एक पांढरी, एक पिवळी. नदीत मधेच दारं यायची. एका बोटीनं दार धरून थांबायचं, तेव्हा दुसरी पार जायची. मग पार गेलेलीनं पलीकडून धरायचं. जिंकण्यासारखं काहीच नव्हतं. दुसरी बोट दुसऱ्या फोनवरून चालवायला कोड लागायचा, म्हणजे अनोळखी कोणी यायची भीती नाही. रागिणीनं कोड भगवंतला पाठवला. उत्तर आलं, ‘मले वेळ भेटते काय?’

तीन दिवस पांढरी बोट पहिल्या दारापाशी गोल गोल फिरत राहिली. चौथ्या दिवशी पिवळी आली.

मुलाजवळ बसू नका, त्याच्या खेळात डोकावू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. त्यामुळे रागिणी स्वयंपाकघरातूनच बघायची. समोरच्या खोलीतली निळी पहाट भिंतीवर हलायची. बाहेर ऊन रटरटत असायचं. कूलरचं पाणी कोणतं आणि नदीचं कोणतं, हे काही वेळानं कळेनासं व्हायचं. जेवताना तिनं विचारलं, की अनुप सांगायचा. सुरुवातीला, ‘पिवळ्यानं दार धरलं.’ मग एकदा, ‘पिवळा मागं राह्यला. मी थांबलो.’

तिनं हातातला घास खाली ठेवला.

पिवळा दुपारी चारलाही यायचा. कचेरी सरकारी असल्यानं ते अगदीच अशक्य नव्हतं. शनिवारी भगवंत फोन घेऊन गच्चीवर जायचे, तेव्हाही यायचा. रागिणीनं विचारलं नाही. विचारलं तर हा माणूस लाजून खेळणं सोडेल, असा तिचा अंदाज होता. तिनं शनिवारी भरीत करायला सुरुवात केली. भगवंतनी काहीच कारण नसताना मोगऱ्याचा गजरा आणला आणि फ्रिजवर ठेवून दिला, जणू तो आपोआप आला होता. दुपारी डोळा लागला की तिला दिसायचं, अकोल्याहून अमरावतीकडे, रेल्वेच्या रुळांवरून, एक पिवळी बोट सावकाश येते आहे. बडनेऱ्याला थोडी थांबते.

मेच्या शेवटी मॅडमनी अनुपला बागेत नेलं. झोपाळ्यापाशी एक लहान मुलगी होती. अनुप तिच्या मागं उभा राहिला आणि उभाच राहिला. तिचं झाल्यावर बसला. मॅडम म्हणाल्या, पोरगं घरीच राहू द्या.

शनिवारी रागिणीनं निवासी शाळेला फोन करून जागा नको म्हणून कळवलं. भगवंत शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर कितीतरी वर्षांनी तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

“तुमच्यामुळं झालं हे,” ती म्हणाली. “इतके दिवस खेळून राहिले, एका शब्दानं बोलले नाही.”

भगवंत तिच्याकडे वळले.

“मी कुठं खेळलो? मले तर तो कोडच टाकता आला नाही. मले वाटलं, तूच खेळून राहिली.”

“मी काहून खेळीन? मी तर स्वयंपाकघरात.”

समोरच्या खोलीत नदीचं पाणी वाजत होतं. दोघंही उठले आणि पहिल्यांदाच दारापर्यंत गेले.

अनुप भिंतीकडं तोंड करून बसला होता. उजव्या मांडीवर टॅब, डाव्या मांडीवर भगवंतचा टाकून दिलेला जुना फोन. पांढरी बोट पार गेली, तसा तो डाव्या मांडीवर वाकला आणि अगदी हळू म्हणाला, “घाबरू नको. आता मी धरतो, तू ये.”