पोहायचा चष्मा

जलतरण तलावासाठी नगरपालिकेनं कर्जरोखे काढावेत की नाही, यावर सभेत पुन्हा खडाजंगी चालली होती. विरोधातल्या नगरसेवकानं टेबलावर मूठ आपटली. "आज पोरं पाण्यात डुंबतील, पण हे कर्ज उद्या आपली नातवंडं फेडणार, त्याचं काय?" बाकं वाजली. प्रेक्षकांतून एक म्हातारी उठून पुढे आली आणि तिनं पोहायचा छोटा चष्मा त्याच्यासमोर ठेवला. त्यावरची किमतीची चिठ्ठीही निघाली नव्हती. "तलाव होणार म्हणालात तेव्हा घेतला होता. तलावातच घालीन म्हणून पोरानं जपून ठेवला. खाणीतल्या पाण्यात बुडाला त्या दिवशीही नेला नाही. माझा नातू फेडून मोकळा झाला, साहेब." अध्यक्षांनी घसा खाकरून विषय पुढच्या सभेवर ढकलला. शिपाई चष्मा घेऊन तिच्यामागे धावला. "आजी, हा राहिला तुमचा." "तिथंच असू दे. पुढच्या सभेतही यांना नातवंडं आठवतील."