बंद मॉडेल

सर्व्हिस सेंटरच्या पडद्यावर कंपनीच्या यशाचे टप्पे झळकत होते: पहिलं यंत्र, पहिली शस्त्रक्रिया, पहिल्यांदा आवाज ऐकून हसलेलं बाळ. लेकीच्या कानामागचं बंद पडलेलं श्रवणयंत्र बापाने काउंटरवर ठेवलं. "हे मॉडेल कंपनीने बंद केलंय काका," समोरची तरुणी म्हणाली. "सुटे भागही येत नाहीत. नवीन घ्या ना, ब्लूटूथ आहे." "ऑपरेशन करून आत बसवलेल्या भागाशी ते जुळेल?" "नाही, तोही बदलावा लागेल." "तो तिच्या डोक्यात आहे! रिमोटचा सेल वाटला का?" बाप कडाडला. "मॅनेजरला बोलवा!" मॅनेजर नव्या मॉडेलचं माहितीपत्रक घेऊनच आला. लेकीने बापाची बाही ओढली. "बाबा, उद्या शाळेत ऐकू येईल ना?" बापाने तिला मॅनेजरसमोर उभं केलं. "ती ओठ वाचते," तो मॅनेजरला म्हणाला. "तुम्हीच सांगा. सावकाश." लेक मॅनेजरच्या ओठांकडे बघत राहिली. ते हललेच नाहीत.