अर्धा सेकंद

तबल्याची हातोडी बाजूला ठेवून वामनरावांनी हेडफोन चढवले. पडद्यावर मिरजेची ताई तानपुरा जुळवत होती. "तू लय पळवतोस", "तूच पळवतेस" एवढ्यावरून भावाबहिणीने नऊ वर्षं एकत्र बैठक केली नव्हती. आता वामनरावांच्या लेकीला तिच्या लग्नात वाजवायला दोघांचं गाणं हवं होतं, म्हणून हे ऑनलाइन.

नेटवरून ताईचा सूर अर्धा सेकंद उशिरा यायचा. वामनराव थांबायचे. तिकडे तबलाही तितकाच उशिरा पोचायचा. ताई थांबायची. चार मिनिटांचं गाणं अकरा मिनिटं चाललं. लग्नापेक्षा ते तेराव्याला शोभलं असतं.

शेजारून लेक म्हणाली, "दोघं वेगवेगळं रेकॉर्ड करा, मी जोडते."

"नको!" वामनराव म्हणाले.

एका सेकंदाने ताईचंही "नको!" आलं. लेकीचं बोलणं जायला अर्धा सेकंद, ताईचं यायला अर्धा. ताई बरोबर समेवर होती.