तुरीतली कीड

आपण शेअर घेतलेली कंपनी बुडाल्याचा निरोप मोबाईलवर वाचून उंद्री गावातल्या चाळीस घरांनी आठवडाभरात दोन रुपयांचा शेअर सत्तर पैशांना विकून टाकला. आज कळले, बातमीच खोटी होती. लक्ष्मीकांत गुरुजी संतापले होते.

"आबा, असं खोटं सांगून कोणाले काय भेटते?" नात रेवतीने विचारले.

"समज, मी शेजारच्या वच्छलाबाईकडून पायलीभर तूर उसनी आणली अन् आजच्या भावाने विकली. मग आवई उठवली, का तुरीले कीड लागली. लोक घाबरून मातीमोल विकू लागले, का तीच तूर स्वस्तात घ्यायची, वच्छलाबाईले तिची पायली परत द्यायची अन् मधला पैसा खिशात घालायचा. शेअरचंही असंच केलं. हरामखोर लेकाचे!"

"पण आबा, ही आवई उठवणाऱ्याले तं आपल्या गावात कोणी ओळखतही नाही. मग लोकांनी त्याचं खरं मानलं काऊन?"

गुरुजींनी तिला तो निरोप दाखवायला मोबाईल उघडला. गावाच्या ग्रुपवर तो निरोप गेल्या सोमवारी त्यांनीच पुढे पाठवला होता. खाली लिहिले होते, "सावध राहा. तुमचे गुरुजी."