समेवरचा हात

"काकू, घाबरू नका. तुम्ही अगदी ठणठणीत आहात," तरुण डॉक्टरीण म्हणाली. "फक्त तपासणीच्या यंत्रात तुम्हाला आवडीचं गाणं ऐकवलं, मुलीचे फोटो दाखवले, तरी मेंदूतला आनंदाचा भाग जेमतेम हलला. काही निरोगी माणसांची घडणच अशी असते."

दमयंतीकाकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली. मेंदूवरच्या या संशोधनाला रसिक माणसं हवीत म्हटल्यावर मिरजेच्या संगीत मंडळानं सगळ्यांत आधी त्यांचंच नाव सुचवलं होतं. पहिल्या रांगेतून समेवर नेमका त्यांचा हात उठायचा, "क्या बात है!" यायचं आणि गवयाला हुरूप चढायचा.

"अगं, पण दाद ही रीत म्हणून द्यायची असते ना?" काकूंनी विचारलं. "लग्नानंतरच्या पहिल्या मैफलीत यांनीच मला शिकवलं. सम आली की हात उचलायचा. सगळे तेच तर करतात!"

डॉक्टरीण गोंधळली. "नाही हो काकू. त्यांना आतून काहीतरी होतं. अंगावर काटा येतो, भरून येतं."

"खरंच येतं?"

"हो, खरंच," डॉक्टरीण म्हणाली.

काकूंनी दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर काका त्यांची पर्स मांडीवर घेऊन बसले होते. मुलगी झाली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेऊन हा माणूस ढसाढसा रडला होता. किती छान जमतं यांना, असं वाटून काकूंनी खाटेवरून ते नीट पाहून ठेवलं होतं.

बारशाला त्यासुद्धा अगदी तश्शाच रडल्या होत्या.